न आलेल्यांचा रकाना

मागच्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसात क्विझ होती. समोसे, कोल्ड्रिंक आणि पंचवीस प्रश्न. सतरावा प्रश्न असा होता: अरब देशांची आखाती फुटबॉल स्पर्धा, म्हणजे गल्फ कप, सगळ्यात जास्त वेळा कुणी जिंकली? आमच्या टीमनं कुवेत लिहिलं. एक मार्क मिळाला, टाळ्या झाल्या. खरं तर तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट. मी म्हणालो, "उत्तर बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. निम्म्या वेळा समोर तगडा संघच नव्हता, त्याचं काय?"

क्विझमास्तर वैतागला. "विजेत्यांची यादी नेटवर आहे. त्यात कसला वाद?" आणि मागून एकानं ठेवणीतलं वाक्य काढलं, "खेळात राजकारण कशाला आणतोस यार?"

तर मंडळी, आजचा शनिवारचा लेख या दोन वाक्यांबद्दल. दोन्ही वाक्यं ऐकायला शहाणपणाची वाटतात. माझं म्हणणं असं की निदान या स्पर्धेपुरती तरी दोन्ही साफ चुकीची आहेत. आणि ज्याला आखाताचा इतिहास थोडाफार समजून घ्यायचाय, त्यानं विजेत्यांची यादी बाजूला ठेवून न आलेल्यांची यादी वाचायला घ्यावी.

तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून तुला आखाती फुटबॉलचा एवढा पुळका का? त्याचं कारण माझा मामा. तो रत्नागिरीचा. कुवेतमध्ये एसी दुरुस्तीच्या कामाला होता. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आधी स्पर्धेबद्दल.

तिकडे हिला 'खलीजी' म्हणतात. खलीज म्हणजे आखात. पुढे नुसता आकडा लावायचा: खलीजी २४, खलीजी २५, खलीजी २६. अगदी आपल्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखं :-) आठ संघ खेळतात: कुवेत, सौदी अरेबिया, कतार, बहारीन, यूएई, ओमान, इराक आणि येमेन. आपल्याकडे बहुतेकांना हिचं नाव कळलं ते २०२४ च्या डिसेंबरात, पंतप्रधान मोदी कुवेतला गेले आणि सव्विसाव्या स्पर्धेच्या उद्घाटनाला स्टेडियममध्ये दिसले तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले, मग सगळे विसरले. असो.

सुरुवात १९७० ची, बहारीनमध्ये. चारच संघ: बहारीन, कुवेत, कतार आणि सौदी. आता जरा थांबा आणि तारखा बघा. १९७० साली बहारीन आणि कतार स्वतंत्र देशच नव्हते! दोघेही ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते, स्वतंत्र झाले १९७१ मध्ये. बहारीनवर तर इराणचा दावा होता. हे आमचं चौदावं राज्य, असं इराण म्हणायचा. बहारीनच्या लोकांना नक्की काय हवंय हे विचारायला संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी मनामाला आले ते १९७० च्या मार्च-एप्रिलमध्ये. आणि पहिला खलीजी कधी झाला? १९७० च्या मार्च-एप्रिलमध्ये, तिथंच. एकीकडे चौकशी चाललीय की तुम्ही इराणचे की स्वतंत्र, आणि दुसरीकडे मैदानावर 'बहारीन' नावाचा संघ 'अरबी आखात' नावाच्या स्पर्धेचा यजमान म्हणून खेळतोय. मे महिन्यात सुरक्षा परिषदेनं स्वातंत्र्याच्या बाजूचा अहवाल मान्य केला.

यूएईचं बघा. हा देश जन्माला आला २ डिसेंबर १९७१ ला. १९७२ च्या मार्चमध्ये रियाधला दुसरी स्पर्धा झाली, त्यात त्यांचा संघ हजर. साडेतीन-चार महिन्यांचा देश! आखाती सहकार्य परिषद, जिला आपण जीसीसी म्हणतो, ती स्थापन झाली १९८१ साली. म्हणजे स्पर्धा परिषदेपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आता सांगा, इथं खेळात राजकारण कुणी 'आणलं'? खेळ आधी आला, काही देश मागून आले. जिचा पायाच राजकारणाचा, त्या इमारतीतून राजकारण बाहेर काढा म्हणणं म्हणजे डेटाबेस काढून टाका पण अ‍ॅप चालू ठेवा म्हणण्यासारखं आहे.

आता क्विझमास्तरचा मुद्दा. आत्तापर्यंत २६ स्पर्धा झाल्या. कुवेत १०, इराक ४, सौदी आणि कतार प्रत्येकी ३, यूएई, ओमान आणि बहारीन प्रत्येकी २. येमेन शून्य. ही झाली नेटवरची यादी. बरोबर आहे, एक आकडाही चुकीचा नाही. पण आपल्या धंद्यात आपण रोज काय शिकतो? रिपोर्टमधला प्रत्येक आकडा बरोबर असूनही रिपोर्ट खोटा असू शकतो. म्हणून मी एका रविवारी बसून या यादीला एक जास्तीचा कॉलम जोडला: त्या वर्षी इराक होता का?

इराकच का? कारण सत्तर-ऐंशीच्या दशकात कुवेतला खरी टक्कर देणारा संघ तोच. इराक पहिल्यांदा आला १९७६ ला. त्याच वर्षी दोघांचे गुण सारखे झाले, निकालासाठी वेगळा सामना घ्यावा लागला आणि तो कुवेतनं ४-२ असा जिंकला. पुढची स्पर्धा १९७९ ची, बगदादला. इराकनं सगळे सामने जिंकले, एकट्या हुसेन सईदनं दहा गोल मारले आणि कुवेतची सलग चार विजेतेपदांची साखळी तुटली. मग १९८४ आणि १९८८ पुन्हा इराक. तिन्ही वेळा प्रशिक्षक एकच, अम्मो बाबा.

आता कुवेतची दहा विजेतेपदं या कॉलमसमोर ठेवा. १९७०, १९७२, १९७४: इराक अजून स्पर्धेत आलेलाच नाही. १९७६: इराक हजर. १९८२: इराक स्पर्धा मध्येच सोडून गेला. १९८६: हजर. १९९०: पुन्हा मध्येच सोडून गेला. १९९६ आणि १९९८: इराकला प्रवेशच नाही. २०१०: हजर, आणि उपांत्य सामन्यात कुवेतनं त्याला पेनल्टीवर हरवलं. म्हणजे दहापैकी तीनच विजेतेपदं अशी की ज्यात इराक शेवटपर्यंत मैदानात होता.

लगेच कुवेतवाल्यांनी अंगावर येऊ नये. तो संघ भारीच होता. १९८० चा आशिया कप त्यांनी जिंकला, १९८२ च्या विश्वचषकाला ते पोचले. इराक असता तर कुवेत हरला असता असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणतोय की 'दहा' हा आकडा एकट्यानं उभा राहत नाही.

सौदीची गंमत तर त्याहून मोठी. त्यांची तीन विजेतेपदं: १९९४, २००२ आणि २००३-०४. तिन्ही वेळा इराक बंदीमुळे बाहेर! इराक परत आला २००४ च्या डिसेंबरात, दोहाला. येमेन आधीच्या वर्षी आला होता, त्यामुळे आठही संघांची पंगत पहिल्यांदा भरली ती तेव्हा. तिथून २०२४-२५ पर्यंत दहा स्पर्धा झाल्या. जिंकलं कोण? कतार दोनदा, यूएई दोनदा, ओमान दोनदा, बहारीन दोनदा, कुवेत एकदा, इराक एकदा. सौदी? एकदाही नाही. चार वेळा अंतिम सामन्यात हरले: २००९, २०१०, २०१४, २०१९. ज्या सौदीनं २०२२ च्या विश्वचषकात मेस्सीच्या अर्जेंटिनाला हरवलं, तो हाच देश. कधी कधी ते दुय्यम संघ पाठवतात, २०२३ ला पाठवला होता, हे मान्य. तरी दहात शून्य म्हणजे शून्यच.

म्हणजे पहिल्या सोळा स्पर्धांत चार विजेते, त्यात एकट्या कुवेतचे नऊ कप. आणि सगळे हजर राहायला लागल्यावर दहा स्पर्धांत सहा विजेते. एकाच नावाखाली या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. यादी त्यांची बेरीज करते आणि आपण त्या बेरजेला इतिहास म्हणतो. च्यायला, एवढी चूक आपण प्रॉडक्शनमध्ये केली तर मॅनेजर रात्री दोनला फोन करेल.

आता मामा.

१९९० ची दहावी स्पर्धा कुवेतमध्ये होती, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मामा तेव्हा पंचविशीत होता, दोन मलबारी रूममेटांबरोबर एक-दोन सामने बघून आला होता. त्या वर्षी सौदी आलाच नाही. कारण ऐकून हसू येईल. स्पर्धेच्या बोधचिन्हात घोडे होते. १९२० साली जहराला कुवेत आणि नजदच्या इखवान सैन्यात लढाई झाली होती, तिची ती खोडसाळ आठवण आहे असं म्हणून सौदी रुसला. मग इराकनं पंचगिरीवर आक्षेप घेतला आणि मध्येच सामान बांधलं. उरलेल्यांत कुवेत जिंकला. सातवं विजेतेपद. मामा सांगतो, "आम्ही हसलो रे. लहान पोरं खेळताना बॅट घेऊन घरी जातात ना, तसं वाटलं."

२ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. पहिल्याच दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख फहाद अल अहमद मारले गेले. कुवेतच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा कारभारी माणूस. १९८२ च्या विश्वचषकात फ्रान्सनं गोल केल्यावर जे थेट मैदानात उतरले आणि रेफरीनं तो गोल रद्द केला, तेच हे शेख. मामा चार हजार दिनारांच्या उधाऱ्या आणि टूलबॉक्स तिथंच टाकून निघाला. बसनं बसरा, मग बगदाद, मग जॉर्डनची सीमा, वाळवंटातला तंबू, शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोन महिन्यांत असे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय आणले गेले. तो घरी आला तेव्हा आजीनं म्हणे त्याला ओळखलंच नाही.

इथं मी काय म्हणत नाहीये ते नीट वाचा. इराकचा संघ मैदान सोडून गेला म्हणून युद्ध झालं, असं मी म्हणत नाही. भांडण तेलाच्या भावांचं होतं, कर्जाचं होतं, सीमेचं होतं. दोन घटना मागेपुढे घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. पण लॉग फाइलमध्ये वॉर्निंग येते तेव्हा ती क्रॅशचं कारण नसते. आत काहीतरी बिघडलंय एवढंच ती सांगते. 'खेळात राजकारण नको' म्हणणारा माणूस ती वॉर्निंग वाचतच नाही. तो लॉगिंगच बंद करून टाकतो आणि म्हणतो, बघा, आता कसं स्वच्छ दिसतंय.

याच्या उलट बाजूही बघा. ५ जून २०१७ ला सौदी, यूएई, बहारीन आणि इजिप्तनं कतारशी संबंध तोडले. सीमा बंद, विमानं बंद. डिसेंबरात तेविसावा खलीजी नेमका कतारमध्ये ठरलेला. तिघं तिथं जाणार नाहीत हे उघड होतं. दुसरीकडे कुवेतवर फिफाची दोन वर्षांची बंदी होती, ती त्याच डिसेंबरात उठली. कतारनं यजमानपद कुवेतला देऊन टाकलं. त्याच महिन्यात कुवेतमध्ये जीसीसीची शिखर परिषद होती. सौदीचे राजे आले नाहीत, यूएई आणि बहारीनचे प्रमुखही नाहीत. दोन दिवसांची परिषद एका दिवसात गुंडाळली. आणि अडीच आठवड्यांनी त्याच शहरात आठही फुटबॉल संघ हजर! कतार आणि बहारीन एकमेकांशी खेळलेसुद्धा, १-१.

दोन वर्षांनी स्पर्धा कतारमध्ये. आधी पाचच संघ येणार होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ऐनवेळी सौदी, यूएई आणि बहारीननं येतो म्हणून कळवलं, गटवारी नव्यानं करावी लागली. उपांत्य सामन्यात सौदीनं कतारला कतारमध्येच हरवलं आणि अंतिम सामन्यात बहारीननं सौदीला. ज्यांच्या घरी १९७० ला सुरुवात झाली त्यांना पहिला कप मिळायला ४९ वर्षं लागली. राजकीय समेट झाला जानेवारी २०२१ मध्ये, अल उलाला. म्हणजे संघ पोचले त्यानंतर वर्षभरानं सह्या झाल्या.

माझा मुद्दा हा आहे. राजे-अमीर ज्या खोलीत एकमेकांसमोर बसायला तयार नव्हते, तिथं जायचं दार या स्पर्धेनं किलकिलं ठेवलं. आणि ते ठेवता आलं, कारण त्यात राजकारण होतं. निव्वळ खेळ असता तर कुणाला न येण्याचा फरक पडला नसता, आणि मग येण्याचाही पडला नसता. ज्या पंगतीला न जाणं बोचतं, त्याच पंगतीला परत जाण्याला अर्थ असतो. आपल्याकडच्या लग्नांत हे कुठल्याही आत्याला कळतं. टीव्हीवरच्या पॅनेलला कळत नाही.

"पण फिफा कुठं धड मोजतं ही स्पर्धा?" असं एकानं विचारलंच. खरंय, कितीतरी वर्षं ती फिफाच्या वेळापत्रकाबाहेरच होती, परदेशी क्लबांवर खेळाडू सोडायची सक्ती नव्हती. मग येमेनला विचारा. २००३ पासून खेळतायत. २०१४ नंतर देशात युद्ध, स्वतःच्या मैदानावर खेळायची सोय नाही. स्पर्धेत एकही विजय नाही. आणि २८ डिसेंबर २०२४ ला त्यांनी बहारीनला २-१ हरवलं. एकवीस वर्षांनी पहिला विजय! गटातून बाहेर गेले ते गेलेच, बहारीन पुढे जाऊन कप घेऊन गेला. विजेत्यांच्या यादीत येमेनसमोर आजही शून्यच आहे. त्या शून्यात त्या रात्री काय होतं हे तुमची यादी सांगणार आहे का?

एक आक्षेप मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. या सगळ्याला फार गोंडस रंग द्यायचं कारण नाही. संघ येणार की नाही हे खेळाडू ठरवत नाहीत, राजवाडे ठरवतात. ज्याला ते पर्शियन आखात म्हणतात त्याच्या काठावर इराण आहे, पण या स्पर्धेत त्याला कधीच जागा नाही. २०२३ ला 'अरबी आखात' या नावावरून त्यानं निषेधही नोंदवला. न आलेल्यांच्या माझ्या रकान्यात इराणचं नाव प्रत्येक ओळीत आहे. आणि याच २०२३ च्या अंतिम सामन्याआधी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. कप कितीही मोलाचा असला तरी त्याला माफी नाही.

पण ती स्पर्धा होती बसऱ्याला. बसऱ्याचं यजमानपद त्याआधी दोनदा हुकलं होतं, एकदा स्पर्धा बहारीनला गेली, एकदा रियाधला. १९७९ नंतर ४४ वर्षांनी इराकमध्ये खलीजी. शेजारच्या कुवेतमधून लोक सीमा ओलांडून आले. बसऱ्याच्या लोकांनी पाहुण्यांना घरी जेवायला नेलं, हॉटेलात पैसे घेतले नाहीत, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. अंतिम सामन्यात इराकनं जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटांत ओमानला ३-२ हरवलं. ३५ वर्षांनी कप.

मी ते व्हिडिओ मामाला पाठवले. त्यानं बसरा बघितलं होतं ते १९९० साली बसच्या खिडकीतून, दोन दिवस पोटात अन्न नसताना. रात्री त्याचा फोन आला. फुटबॉलबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "अरे, कुवेतच्या माणसाला बसऱ्यात जेवायला वाढतायत. हे मी बघेन असं वाटलं नव्हतं." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "कोण जिंकलं शेवटी?"

बघा, त्याच्यासाठी तो प्रश्न शेवटचा होता. आपण तो पहिला विचारतो, बहुतेक वेळा तो एकच विचारतो.

२०२५ च्या सप्टेंबरात दुबईत क्रिकेटच्या आशिया कपला भारत-पाकिस्तान सामन्यांनंतर हस्तांदोलन झालं नाही, तेव्हाही 'खेळात राजकारण नको' आणि 'खेळायचंच कशाला' असे दोन तट आमच्या कॅन्टीनमध्ये पडले होते. मी दोन्हींत नव्हतो. राजकारण असणारच. ते दिसतंय तिथं नोंदवून ठेवा: कोण आलं, कोण आलं नाही, कोण मध्येच निघून गेलं, कोण किती वर्षांनी परत आलं. चषकाच्या यादीपेक्षा ही यादी जास्त काळ टिकेल आणि जास्त खरं बोलेल.

क्विझमास्तरसाठी सुधारित प्रश्न देतो, पुढच्या वेळी विचार: कुवेतनं जिंकलेल्या दहा गल्फ कपांपैकी किती वेळा इराक शेवटपर्यंत मैदानात होता? उत्तर तीन. मार्क एकच ठेव. पण ज्याला येईल त्याला माझ्याकडून कटिंग.

चला, सोमवारी रिलीज आहे. मामाला फोन करायचाय त्याआधी.